जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि मध्ये पाव

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर दोन सुरांत म्हणतात. बाहेरगावच्या माणसासमोर ती अभिमानाने म्हटली जाते, आणि आपसांत, पावसाळ्यातल्या रस्त्यावरून घरी परतताना, अगदी निराळ्या सुरात. तिची व्युत्पत्ती सांगणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची व्युत्पत्ती वेगळी आहे. त्या वादात न पडता एवढेच नोंदवतो की जर्मनी आणि परभणी यांना एका ताटात बसवणारा एक पदार्थ खरोखरच आहे. त्याचे नाव हॅम्बर्गर.

या नावाची गंमत भाषेच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी आहे. हॅम्बुर्ग हे जर्मनीतले बंदर. एकोणिसाव्या शतकात लाखो स्थलांतरित या बंदरातून अमेरिकेला गेले, आणि न्यूयॉर्कच्या खाणावळींत बारीक चिरलेले गोमांस ‘हॅम्बुर्ग पद्धतीचे’ म्हणून विकले जाऊ लागले. ते पावात नेमके कोणी घातले, याचे दावेदार अनेक आहेत. नावात ‘हॅम’ असले तरी डुकराच्या मांसाशी त्याचा संबंध नाही. ‘हॅम्बर्गर’ म्हणजे फक्त हॅम्बुर्गचा, जसा सोलापुरी किंवा नागपुरी. पण बोलणाऱ्यांनी शब्दाची फोड चुकीच्या ठिकाणी केली, ‘बर्गर’ हा स्वतंत्र शब्द झाला आणि त्याच्यापुढे चीज, चिकन, व्हेज असे काहीही लावता येऊ लागले. आपल्याकडे वडापावानंतर समोसापाव आणि भजीपाव आले, तेही याच वळणाने. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असे सांगितले जाते. त्यांना तरी कुठे ठाऊक होते, की आपण मराठीला एक सामासिक पद देत आहोत!

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे इथवरचे विवेचन आम्हांला सोपे होते. अवघड भाग पुढे होता. अकरावीतल्या आमच्या लेकीने मे महिन्याच्या सुट्टीत हट्ट धरला, की अमेरिकी दुकानात मिळतो तसा बेकन-चीजबर्गर घरी करायचा. आलू टिक्कीचा नव्हे, आणि कोबीचे लांबलचक काप घातलेला गाड्यावरचाही नव्हे. ‘तसाच’. तिने तो खाल्लेला नव्हता, आम्हीही नाही. साहित्याच्या अध्यापकांना याचे विशेष वाटू नये. आम्हीही न पाहिलेल्या ग्रीक रंगभूमीवर तासन्‌तास बोलतो.

या ‘तसाच’मध्ये भारतात काय काय अडते, याचा इतिहास फार जुना नाही. मॅकडोनल्ड्सने १९९६ साली दिल्ली आणि मुंबईत दुकाने उघडली, तेव्हा गोमांस आणि डुकराचे मांस ही दोन्ही वगळून उघडली. ‘महाराजा मॅक’मध्ये आधी मटण होते, पुढे कोंबडी आली. म्हणजे ज्या पदार्थाची जगभर ओळख गोमांसावर उभी होती, तो इथे गोमांसाविना उभा राहिला, आणि चाललाही. महाराष्ट्रात गोवंशाचा कायदाही आहे. १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होती. मार्च २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. रेड्या-म्हशींवर अशी सरसकट बंदी नाही. डुकराच्या मांसाला कायद्याची आडकाठी नाही. पण परभणीत मुसलमान शेजारी त्याचे नाव घेणार नाही, हिंदू शेजारी नाक मुरडेल, आणि वडार-कैकाडी वस्तीत ते शिजते हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलणार नाही. गोव्यात मात्र हेच मांस व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरचीत मुरवून, वाळवून, चोरिस म्हणून पावात घालून उजळ माथ्याने खातात. पाव तोच, पोर्तुगिजांनी दिलेला. माथे बदलतात.

शेवटी बोकडाचा खिमा घ्यायचे ठरले. इथे थोडे तपशिलात जातो, कारण करून पाहिल्याशिवाय जे कळत नाही ते याच तपशिलात आहे.

परभणीच्या माणसाला खिम्याची टिकिया नवीन नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि हैदराबादचे शामी, शिकमपुरी कबाब इथल्या दावतींत अजून असतात. पण कबाबाचे शास्त्र आणि बर्गरचे शास्त्र एकमेकांच्या उलट आहे. कबाबात मांस शिजवायचे, वाटायचे, हरभऱ्याच्या डाळीने बांधायचे, मसाल्याने भरायचे. बर्गरमध्ये मांसाला हात जितका कमी लावाल तितके बरे. मीठ घालून खिमा मळला तर मांसातली प्रथिने सुटतात, एकमेकांना धरतात आणि टिकिया रबरासारखी होते. म्हणून मीठ आधी नाही. तव्यावर टाकल्यावर, वरून. मसाला नाही, कांदा नाही, अंडे नाही. दुसरी गरज चरबीची. अमेरिकेत ऐंशी भाग मांसाला वीस भाग चरबी धरतात. आपले बोकड चरायला मैलभर हिंडलेले असते, त्यामुळे दोनशे ग्रॅम मांसात पन्नास ग्रॅम चरबी वेगळी मागून घ्यावी लागली. खाटिकाने दोनदा विचारले, की ती कशाला हवी. त्याची गिऱ्हाइके उलटी विनंती करतात.

अडीचशे ग्रॅमचे चार गोळे. भाकरीचा लोखंडी तवा धूर निघेस्तोवर तापवला, गोळा टाकला आणि सपाट बुडाच्या पातेल्याने दहा सेकंद दाबून धरला. सगळी करामत या दाबण्यात आहे. मांस तव्याला जितके चिकटेल तितके करपण्याच्या अलीकडचे तपकिरी कवच येते. प्रथिने आणि शर्करा यांच्यातली ही प्रक्रिया फ्रेंच रसायनज्ञ मायार यांनी १९१२ साली मांडली. आपल्या आज्या तिला ‘खरपूस’ म्हणत आल्या. दोन मिनिटांनी उलथन्याने खरवडून उलटायचे, वर चीजचा काप ठेवायचा, मिनिटभराने उतरवायचे. कॅलिफोर्नियात मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ साली ज्या झटपट पद्धतीवर आपले दुकान बेतले, तिचा अर्थ तव्यापाशी उभे राहिल्यावर कळतो. पदार्थ मुळातच तीन मिनिटांचा आहे. घाई त्याच्या अंगी आहे.

चीजही दुकानातले पिवळे, चौकोनी, प्लास्टिकात गुंडाळलेलेच हवे. घरचे पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही, आणि चांगले मुरलेले चीज वितळताना तेल सोडते. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली चीजमध्ये क्षार मिसळून त्यातले तेल आणि प्रथिन एकत्र बांधून ठेवण्याची युक्ती निघाली, १९१६ मध्ये अमेरिकेत क्राफ्ट यांनी आपल्या प्रक्रियेचे पेटंट घेतले, आणि वितळूनही न फुटणारे चीज जगभर गेले. राहिली मोहरी. दुकानातली बाटली लेकीला हवी होती. पण मोहरी फेसण्याची कला ज्या भाषेत क्रियापदासकट आहे तिथे बाटली कशाला? काळी मोहरी थोड्या पाण्याबरोबर वाटली आणि नाकात झिणझिण्या येईपर्यंत फेसली. ती टोमॅटोच्या सॉसमध्ये कालवली, काकडीच्या चकत्या मीठ, साखर आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्या, कांदा अगदी बारीक चिरून पाण्यात धुतला. बेकरीतून तीळ लावलेले गोल पाव आणले आणि लोणी लावून कापलेल्या बाजूने तव्यावर टेकवले. येथवर सर्व जुळून आले.

उरला बेकन.

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाचे चरबीदार मांस, मीठ-साखरेत मुरवलेले, धुरावर धरलेले आणि पातळ कापलेले. तळताना त्याची चरबी वितळते आणि त्याच चरबीत ते कुरकुरीत होते. युरोपात हे चोचल्यासाठी निघाले नाही. थंडीच्या तोंडावर डुक्कर मारावे लागे, कारण हिवाळाभर त्याला पोसायला दाणा नसे. एवढे मांस चार दिवसांत संपत नसे. म्हणून मीठ, म्हणून धूर. पुढचे महिने कोंड्याच्या पावाला आणि कोबीच्या रश्शाला त्याचाच काय तो वास. खवय्यांचे लाड नंतरचे, मुळात ती टंचाईची तरतूद आहे.

आम्ही बोकडाच्या बरगडीवरचे चरबीचे मांस घेतले, त्याच्या लांब पातळ पट्ट्या काढल्या, मीठ, थोडा गूळ आणि मिरपूड चोळून दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या. नंतर जाळीखाली झाकून एक दिवस गच्चीवर उन्हात. परभणीच्या मे महिन्यात एक दिवस पुरतो. मग पातेल्यात पेटता कोळसा, त्यावर तुपाचा थेंब, आणि झाकण. धुरी देऊन झाल्यावर पट्ट्या मंद तव्यावर टाकल्या. चरबी सुटली, कडा वळल्या, आणि घरभर वास गेला.

त्या वासाने आजी उठून आत आल्या. आजी म्हणजे आमच्यापैकी एकाची आई. जिंतूर तालुक्यातल्या एका गावाच्या बौद्धवाड्यात त्यांचे आयुष्य गेले, आता आमच्याजवळ राहतात. (आमच्यापैकी दुसरीचे माहेर सेलूचे, जिथे कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर असे.) त्या नातीजवळ उभ्या राहिल्या, तव्यात पाहिले आणि म्हणाल्या, “काय गं माय, चान्या तळायलीस का?”

मग कोणी काही बोलायच्या आत त्यांनी गल्लीकडची खिडकी लावून घेतली.

नातीला चान्या हा शब्द ठाऊक नव्हता. तो ठाऊक नसण्याची व्यवस्था आमच्या घराने काही ठरवून केलेली नव्हती. नोकरी लागली, शहरात घर झाले, शब्द गावी राहिला. चान्या म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या, मीठ लावून, दोरीवर टाकून उन्हात कडक वाळवलेल्या. मडक्यात महिनोन्‌महिने टिकणाऱ्या. पावसाळ्यात हाताला काम नसे आणि घरात कालवण नसे तेव्हा निखाऱ्यावर भाजून ज्वारीच्या भाकरीबरोबर, किंवा तुकडे करून रश्शात. नातीने विचारले, बोकडाच्याच ना? आजी हसल्या. “बोकडाच्या कोन करतंय बाई? बोकड एका सांजंला सरतंय. उरलं तर वाळवायचं.”

या एका वाक्याने बेकनचे अख्खे अर्थशास्त्र सांगून टाकले. वाळवण तिथेच असते जिथे एका दिवशी अचानक फार येते आणि पुढे पुष्कळ दिवस काही येत नाही.

पण इथे थांबून ‘पाहा, आपलाही बेकन होता’ असे म्हणणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. ते जनावर पूर्वी कोणते असे? गावचे मेलेले ढोर, जे ओढून नेण्याचे काम जातीने लादलेले होते आणि ज्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला समजला जाई. डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते याच मोबदल्याविरुद्ध. आजी सांगतात, “माझ्या आज्यानं सोडलं. बाबासाहेबांनी सांगितलं म्हनल्यावर सोडलं. उपाशी निजले, पन सोडलं.” पुढे त्यांच्या घरात ज्या चान्या झाल्या त्या बाजारातून पैसे मोजून आणलेल्या मांसाच्या. म्हणजे एकाच शब्दाला दोन इतिहास आहेत: एक लादल्याचा आणि टाकल्याचा, दुसरा चवीचा. पहिला आठवला की मान ताठ होते. दुसरा आठवला की तोंडाला पाणी सुटते आणि हात खिडकीकडे जातो. २०१५ नंतर बैलाच्या चान्यांचा प्रश्नच मिटला. खिडकी लावण्याची सवय मात्र कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

आमचा विषय साहित्य असल्याने हा प्रश्न आम्हांला वर्गात भेटतो. दलित आत्मकथने आम्ही दरवर्षी शिकवतो. १९७८ च्या ‘बलुतं’पासून पुढे भूक हा त्यांचा एक मध्यवर्ती अनुभव आहे आणि भुकेसाठी आपल्या समीक्षेने संज्ञा घडवल्या आहेत: वेदना, विद्रोह, नकार. उत्तरपत्रिकांत त्या अचूक येतात. चवीसाठी मात्र संज्ञा नाही. आत्मकथनातला माणूस जेव्हा एखादा पदार्थ आवडीने खातो, तेव्हा समीक्षक ते पान दारिद्र्याचा पुरावा म्हणून वाचतो. गरिबाला भूक असते हे आपल्याला मान्य आहे; त्याला आवडनिवड असते, अमुक पट्टी कमी वाळली हे त्याच्या जिभेला कळते, हे मान्य करायला आपल्याकडे परिच्छेद नाही.

दुसरीकडे मराठीत चवीवर लिहिलेले पुष्कळ आहे, आणि उत्तम आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून घरोघर प्रमाणे शिकवली. दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ आहे. ‘हसवणूक’मधले पु. ल. देशपांडे यांचे ‘माझे खाद्यजीवन’ आम्ही आनंदाने वाचतो, वाचून दाखवतो. पण या साऱ्या लेखनात भूक ही जेवणापूर्वी लागणारी एक सुखद गोष्ट आहे. एका बाजूला चवीशिवायची भूक आणि दुसऱ्या बाजूला भुकेशिवायची चव, अशी ही वाटणी आहे. ती मोडण्याचे काम शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाने केले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे त्यांनी कृतींसह लिहिले. तेल-तूप-दूध ज्या चुलीपर्यंत पोचत नव्हते तिथे पदार्थ कसा बनतो, हे पदार्थाचा मान राखून लिहिले. एका सुप्रसिद्ध वचनातल्या शब्दाला एकच अक्षर जोडून केलेले ते शीर्षक हा स्वतःच एक समीक्षालेख आहे. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि दूरदूरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. आमच्या घरातली प्रत आधी कपाटात होती. आता ती स्वयंपाकघरात आहे.

बेकनला प्रतिष्ठा कशाने मिळाली, याचा विचार करतो तेव्हा असे वाटते, की मांसाने नव्हे, लिहिले गेल्याने. तोही टंचाईतून आला, धुराचा वास घेऊन आला, एकेकाळी शेतमजुराचे खाणे होता. पण त्याच्यावर पुस्तके झाली, वेष्टने झाली, जाहिराती झाल्या, आणि परभणीतल्या अकरावीच्या मुलीला न चाखताच त्याची ओढ लागली. चान्यांवर तिच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ओळ नाही. जो शब्द तिच्या स्वतःच्या आजीच्या तोंडी होता तो तिच्यापर्यंत यायला अमेरिकेचा वळसा पडला. जगात जर्मनी आहे, भारतात परभणी आहे. या दोहोंमधले अंतर कापणे तुलनेने सोपे निघाले. जिंतूरहून परभणीला येणे अवघड होते.

असो. बर्गर झाला. चारांपैकी दोन लेकीने खाल्ले, आणि त्याला ती बेकन-चीजबर्गरच म्हणाली. आम्ही हरकत घेतली नाही. आजींनी पाव बाजूला ठेवला, चीज ‘साबणावानी’ असल्याचा अभिप्राय दिला आणि पट्ट्या भाकरीबरोबर घेतल्या. गूळ घालायला नको होता, हे त्यांचे मत अंतिम मानावे.

ज्यांना या पट्ट्या करून पाहायच्या असतील त्यांच्यासाठी आजींचे प्रमाण देतो. लेकीने ते विचारून वहीत उतरवून घेतले आहे. पट्टी बोटभर रुंद, वीतभर लांब, आणि कापताना मध्ये तुटू द्यायची नाही, नाहीतर दोरीवर राहत नाही. हळद चिमूटभर. ऊन चार दिवस, रोज संध्याकाळी आत घ्यायच्या. मीठ किती, असे तिने तीनदा विचारले; वाटीने सांगा, चमच्याने सांगा. आजींनी चमचा बाजूला सारला. “माशी बसू नाई इतकं,” त्या म्हणाल्या. वहीत तसेच लिहिले आहे.